मधल्या ओळीतला खिळा

चंद्राबाईला कुठलीही गोष्ट आधी ओढून बघायची सवय होती. म्हशीचा खुंटा रोवला की दाव्याला दोन हिसके. एसटीत चढली की बसायच्या आधी समोरच्या सीटचा दांडा हलवून बघणं. घराची कडी आतून लावली की ती आतून ओढायचीच, शिवाय कुणीतरी बाहेरूनही एकदा ओढून बघावी असं तिला वाटायचं; पण आत असताना बाहेरून कसं ओढायचं, हा प्रश्न तिला आयुष्यभर सुटला नाही.

मुलाला, जयराजला, मुलगी बघायला ती आष्ट्याला गेली, तेव्हा पाहुण्यांनी मानाने झोपाळ्यावर बसायला सांगितलं. चंद्राबाईने आधी साखळी धरली आणि सगळा भार टाकून लोंबकळून बघितलं. वरचा हूक टिकला, म्हणून ती बसली. मुलगी पसंत पडली, लग्नही झालं. पण सुनेच्या, राजनंदिनीच्या, आईने तो झोपाळा मनात जपून ठेवला. लग्नातल्या प्रत्येक कुरबुरीत तो निघायचा. "आमच्या घरात येऊन लोंबकळली बाई," असं ती जवळच्यांना सांगायची.

चंद्राबाईचं माहेर कोरेगावकडचं. तिथे डोंगर म्हणजे लांब दिसणारी निळी रेघ. लग्न होऊन ती पाटणच्या वर कळकवाडीत आली, आणि घराची मागची भिंत व डोंगर यांच्यात एक म्हैस वळेल एवढंच अंतर आहे हे बघून पहिल्याच दिवशी तिने नवऱ्याला विचारलं, "ह्यो हलत न्हाई न्हवं?" नवरा हसला होता. तो गेल्याला आता आठ वर्षं झाली. डोंगर हलला तो त्याच्यामागे, चार वर्षांपूर्वीच्या आषाढात, भरदुपारी, सगळी माणसं शिवारात असताना. माणूस एकही गेलं नाही. गेला तो चंद्राबाईचा गोठा, एक उखळ आणि नाथाजीची फटफटी. फटफटी दोन वर्षं सुरूच होत नव्हती; पंचनाम्यात मात्र ती चालू स्थितीत वाहून गेली.

नाथाजी हा तिचा चुलत दीर. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, वाडीच्या वतीने बोलायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. अकरा घरं रिकामी करून लोकांना खाली शाळेजवळच्या पत्र्याच्या शेडात हलवलं, ते त्याच्याच देखरेखीखाली. दिवसा वर जायचं, जनावरं आणि शेत बघायचं, दिवस मावळायच्या आत खाली यायचं. दोन महिन्यांसाठी म्हणून बांधलेल्या शेडात लोकांनी तीन वर्षं काढली. पत्र्यावर पाऊस पडला की शेजारच्याशी भांडणसुद्धा करता यायचं नाही, एवढा आवाज.

शेवटी मंजुरी आली. डोंगराला खिळे मारायचे ठरले. खिळे म्हटल्यावर लोकांना वाटलं, मोठा हातोडा येणार. आलं ते एक ड्रिलिंगचं यंत्र, एक कॉम्प्रेसर आणि आष्ट्याचा चांदसाहेब.

चांदसाहेबाने सगळा जन्म बोअर मारण्यात घालवला होता. वाळवा तालुक्यात त्याने किती ठिकाणी पाणी काढलं हे तो सांगायचा. किती ठिकाणी धुरळा निघाला हे लोक सांगायचे. आता उतारवयात तो उभ्याऐवजी आडवी भोकं पाडायच्या कामाला लागला होता. काम समजायला सोपं होतं. डोंगराच्या पोटात सहा-सहा मीटर तिरकं भोक पाडायचं, त्यात लोखंडी सळई सरकवायची, सळईभोवती सिमेंटचा पातळ गारा भरायचा. तो आवळला की सळई, सिमेंट आणि माती एकमेकांना धरून बसतात, आणि पुढची सैल माती मागच्या घट्ट मातीला बांधली जाते. अशा पाच ओळी, एकशेचाळीस खिळे, वरून खाली. मग जाळी, आणि जाळीवर सिमेंटचा फवारा.

पहिल्याच दिवशी चांदसाहेबाला कळलं की चंद्राबाईची सून आष्ट्याची आहे. तेवढ्यावरून नातं ठरलं. गावची लेक दिलेलं घर. म्हणजे तो मुलीकडचा, ती मुलाकडची. त्याने डोक्यावरची टोपी नीट केली.

"इनबाई, आता तुमी काय काळजी करू नका. घरचंच काम समजून करतो."

"घरचं म्हनू नका," चंद्राबाई म्हणाली. "घरच्या कामात लोक हयगय करत्यात. परक्याचं समजून करा."

सुरुवातीलाच उताराच्या एका कडेला दोन खिळे फक्त चाचणीसाठी म्हणून बसवले. ते डोंगर धरण्यासाठी नव्हतेच. ओढून बघण्यासाठी होते. सगळे हजर होते. साहेब लोक आले, सुपरवायझरने इस्त्रीचा शर्ट घातला, नाथाजीने फौजेतली टोपी. खिळ्याच्या तोंडाला जॅक लावून ओढलं. सोळा टनांपर्यंत खिळा हलला नाही. हवे होते बाराच. बारा टन म्हणजे उसाची भरलेली एक ट्रॉली, असं सुपरवायझरने समजावून सांगितल्यावर लोकांनी डोंगराला टांगलेली ट्रॉली डोळ्यांपुढे आणली आणि टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. चंद्राबाईने पेढा घेतला, पण ती त्या दोन खिळ्यांकडेच बघत होती. लग्नाच्या मुलीसारखे ते दोघे बाजूला बसवलेले होते. त्यांच्यासाठी भोक पाडताना चार जण उभे होते, गारा दोनदा चाळला होता.

"बाकीची बी अशीच बसनार न्हवं?" तिने विचारलं.

"तंतोतंत," सुपरवायझर म्हणाला.

वरच्या दोन ओळी खरोखरच तंतोतंत झाल्या. भोक हवेच्या जोराने साफ व्हायचं आणि आतली तांबडी माती धुरळा होऊन बाहेर यायची. वाडीवर तांबडा ढग उतरल्यासारखं दिसायचं.

मधल्या काळात, माघात, आष्ट्याला राजनंदिनी बाळंत झाली. मुलगी झाली. फौजेतल्या जयराजने सीमेवरून फोन केला, आवाज तुटत होता. "आई, सव्वा महिन्याने दोघींना घरी आण. पण घरी म्हणजे घरी. शेडात नको." शेडात एकाला खोकला झाला की अकरा घरांना होत होता. चंद्राबाई म्हणाली, आणते. त्या दिवसापासून तिला डोंगराशिवाय दुसरं काही सुचेना. सव्वा महिना झाला, दोन झाले. ती रोज फोनवर सांगायची, "आनखी थोडं. खिळं व्हायलेत."

चैत्र आला तशा तिने कुरडया केल्या. बाळंतीण घरी येणार, सोबत दहा पाहुणे येणार, तळण लागणार. शेडात वाळवायला जागा नाही म्हणून वर जुन्या घराच्या अंगणात खाटांवर धोतरं अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या. दुपारपर्यंत त्या विटेच्या रंगाच्या झाल्या.

चंद्राबाई पदर खोचून वर चढली.

"आवं इवाई! तीन दिस गहू भिजवून चीक काढलाय मी. डोंगर बसवताय का माझ्या ताटात वाढताय?"

चांदसाहेब यंत्र बंद करून खाली आला. त्याने कुरडई उचलून बघितली. मुलाकडची बाई, पोराच्या आईची तक्रार, आणि तीही वाळवणाची. आष्ट्याची अब्रूच त्या खाटेवर पडली होती.

"चुकलंच," तो म्हणाला. "उद्यापास्नं धुरळ्याचा कण उडणार न्हाई. बोअरला आमी हवेत पाणी सोडतो, धूळ जागीच बसती. आयुष्यभर हेच केलंय, इनबाई."

"मग आधी का न्हाई केलं?"

"सुपरवायझर कोरडंच म्हनत हुता. त्याला काय कळतंय. त्याच्या घरात कुरडया कोन करतंय?"

दुसऱ्या दिवसापासून खरंच धूळ उडेना. भोकातून तांबडी राड निथळायची आणि चरात वाहून जायची. सुपरवायझरने बघितलं, पण त्यालाही धुरळ्याने शिंका येत होत्या, म्हणून त्याने न बघितल्यासारखं केलं. खालच्या तीन ओळी, चौऱ्याऐंशी खिळे, असे स्वच्छ, शिस्तीत, कुणाला त्रास न देता पार पडले. चंद्राबाईने कुरडया पुन्हा घातल्या. त्यातल्या चांगल्या डझनभर चांदसाहेबाला बांधून दिल्या. अख्ख्या वाडीत चांदसाहेबासारखा माणूस नाही, असं ती आठवडाभर सांगत होती.

वैशाख संपत आला. मृगाच्या आत लोकांनी घरी जावं असं वरून ठरलं होतं, आणि नाथाजीने तर बैलगाडी सांगून ठेवली होती. फवारा मारायच्या आधी शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. खिळ्यांचा तोंडाकडचा मीटरभर भाग अजून गाऱ्याशिवाय होता, म्हणजे कुठलाही खिळा ओढून बघता येणार होता. त्यासाठी सांगलीच्या एका तपासणी संस्थेकडून अंकिता नावाची इंजिनिअर आली. पंचविशीची, हेल्मेटखाली वेणी, जीपमधून जॅक उतरवताना गड्यांच्या आधी स्वतः हात लावणारी. तिला बघून चंद्राबाईला आधी तिच्या आईची काळजी वाटली. असल्या सुटलेल्या डोंगराखाली ही पोरगी रोज उभी राहते, आणि आई सांगलीत काय करत असेल?

सुपरवायझरने तीन खिळ्यांना पिवळा रंग लावून ठेवला होता. तिन्ही वरच्या ओळींतले, चढायला सोपे असं त्याचं म्हणणं.

चंद्राबाई आदल्या दिवशीच येऊन शंभरेक खिळे हाताने ओढून गेली होती. एकही हलला नव्हता. साठ किलोच्या बाईने ओढून हलणारा खिळा कुणी बसवतच नाही, हे तिला कळत होतं, म्हणूनच तिचं समाधान झालं नव्हतं.

"बाय," ती अंकिताला म्हणाली, "ही रंगवलेली नगं. ही दाखवायची पोरं. त्यो मधल्या ओळीतला वढा."

"वैनी!" नाथाजी ओरडला. "तुमास्नी काय कळतंय त्यातलं? मॅडम, तुमी तुमचं काम करा. गाडी ठरलीया आमची."

"गाडी थांबती रं भावजी. डोंगर थांबंल का?"

"आवं पर पास झालं तर तुमीच घरला जानार हाय न्हवं? नात आनायचीया तुमाला! सगळ्यात घाई तुमाला पायजे."

"म्हनूनच."

अंकिता हसली. मग हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "निवड मीच करायची असते, रंग लावून ठेवायचा नसतो. कुठला म्हणालात काकू?"

चंद्राबाईने बोट दाखवलं. वरून तिसरी ओळ, बरोबर तिच्या घराच्या मागच्या भिंतीसमोर. चांदसाहेब खाली उभा होता. "वढा की," तो मोठ्यांदा म्हणाला. "धुतल्यालं भोक हाय त्ये. आरशासारखं."

अंकिताने कागदावरून मान वर करून त्याच्याकडे एकदा बघितलं. खिळ्याच्या तोंडाला जॅक बसला. खिळा किती सरकतो ते दाखवणारं घड्याळासारखं छोटं यंत्र वेगळ्या दांड्यावर लावलं.

"तुटंल का?" चंद्राबाईने विचारलं.

"सळई तुटत नाही काकू. ती सरकते. माती तिला किती धरून ठेवते, तेवढंच बघायचंय. बारा टनांना धरलं की झालं."

पंप सुरू झाला. दोन टन; काटा जरा सरकला आणि थांबला. तीन. चार. दर वेळी अंकिता घड्याळ लावून थांबायची, काटा थांबलाय याची खात्री करायची. नाथाजी मोठ्याने आकडे सांगत होता. पाच टनांना काटा सरकला, आणि थांबलाच नाही. पंप मारणारा गडी जोर लावत होता, पण ताण वाढेना. खिळा आरामात बाहेर येत होता, करंगळीएवढा, मग बोटभर. आवाजसुद्धा झाला नाही. चंद्राबाईला वाटलं होतं, काही बिघडलं तर निदान कडाडेल तरी.

"बारा न्हाई का झालं?" नाथाजीने विचारलं.

अंकिताने तो खिळा पूर्ण काढायला लावला. सिमेंटचं नळकांडं बाहेर आलं, गुळगुळीत, वर तपकिरी साय धरलेली. नखाने खरवडली तशी ती साय पोपड्यासारखी निघाली. वरच्या ओळीतला खिळा असा निघाला असता तर त्याच्या अंगाला खडे आणि मुरूम चिकटून आले असते, असं तिने सांगितलं. इथे सिमेंटने डोंगर धरलाच नव्हता. डोंगराला लागलेल्या चिखलाचा हात तेवढा धरला होता.

चंद्राबाईला ते लगेच समजलं. ओल्या राडीवर सारवलं की सारवण उचलून येतं, हे कुठल्या बाईला माहीत नसतं?

"इथे पाणी वापरलंय का?" अंकिताने विचारलं.

सुपरवायझर बुटांकडे बघू लागला. चांदसाहेबाने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याची नजर एकदाच चंद्राबाईकडे गेली आणि लगेच वळली.

"वापरलं," तो म्हणाला. "माझीच सवय, मॅडम. बोअरवाला माणूस. कुनी सांगितलं न्हवतं."

चंद्राबाई गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तो परगावचा, काम संपलं की जाणार. त्याच्यावर घालून सगळे मोकळे झाले असते. नाथाजीने तर सुरुवातही केली होती, "तरी म्या म्हनत हुतो, बाहेरची मानसं..."

"मी सांगितलं," चंद्राबाई म्हणाली. "माझ्या कुरडया खराब हुईत हुत्या."

डोंगराखाली उभी असलेली चाळीसेक माणसं तिच्याकडे वळली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "कुरडया?" आणि मग सगळेच बोलायला लागले.

अंकिताने त्याच दिवशी खालच्या तीन ओळींतले आणखी चार ओढून बघितले. पाच, साडेचार, सहा, पाच. वरच्या ओळीतला बाराला जागेवर बसून राहिला. चौऱ्याऐंशी खिळे जुन्यांच्या मधे नव्याने मारायचे, कोरडे मारायचे, आणि ते पाऊस संपल्याशिवाय होणार नाही, असं तिने लिहिलं. तोपर्यंत वर कुणी राहायचं नाही.

म्हणजे शेडात चौथा पावसाळा. वाडीचा हिशेब अगदी साफ होता: खिळे बिघडवले ते चंद्राबाईने, आणि बिघडलेत हे उघडकीला आणलं तेही चंद्राबाईनेच. पहिला गुन्हा लोकांनी माफ केला असता. कुरडया सगळ्यांच्याच घरी होतात. दुसरा मात्र कुणाला माफ करता येईना. "गप बसली आसती तर आज घरात आसतो," असं तिच्या तोंडावर म्हणायला नाथाजीला काही वाटलं नाही. त्याने बैलगाडी परत पाठवली, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना फौजेतल्यासारखं फक्त कामापुरतं बोलू लागला.

तिने आष्ट्याला फोन केला. पोरीला आणि बाळाला आताच पाठवू नका, दिवाळी होऊ द्या. फोन राजनंदिनीच्या आईने घेतला होता.

"मुलगी झाली म्हनून न्हवं, इनबाई?" ती म्हणाली. "स्पष्ट सांगा. तीन म्हैनं झालं ऐकतोय, आनखी थोडं, आनखी थोडं. आता खिळा निघाला म्हनताय. आमी काय खुळं हाय?"

चंद्राबाईने खिळा, पाणी, साय, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेली तितकं ते तिलाच खोटं वाटू लागलं. पाच टनाला निसटला म्हणून नात नको, हे कुणाला पटेल? फोन ठेवल्यावर तिने जयराजला कळवलं. तो म्हणाला, "बरं केलंस," पण त्याच्या आवाजातही बायकोचा फोन आधी येऊन गेलेला कळत होता.

चांदसाहेब आष्ट्याला परतल्यावर स्वतः त्या घरी गेला. सोबत त्याने त्या नळकांड्याचा वितभर तुकडा नेला होता. राजनंदिनीच्या आईसमोर ठेवून म्हणाला, "ह्ये बघा. ह्याच्या भरवशावर तुमची नात झोपली आसती." बाईंनी चहा दिला. तुकडा दाराला टेकू म्हणून ठेवला. मनातली शंका तशीच ठेवली.

पाऊस आला. चंद्राबाई रोज सकाळी शेडाच्या दारातून डोंगराकडे बघायची. तिला डोंगर पडायला नको होता. ती देवाला तेच सांगायची, आणि देवाने ऐकलं. श्रावण गेला, भाद्रपद गेला. वरून हरभऱ्याएवढा खडा खाली आला नाही. अकरा घरं, मागच्या भिंती, पुढची अंगणं, सगळं जसंच्या तसं. पावसाळा संपताना नाथाजी वर फिरून आला आणि शेडाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "वैनी, काय पडलं?"

"काय न्हाई."

"मग आमी हितं कशापायी भिजलो?"

पडलं असतं तर ती खरी ठरली असती, आणि खरी ठरल्याचं दुःख तिला जन्मभर पुरलं असतं. पडलं नाही, म्हणून ती वेडी ठरली. दोन्हींतलं हेच तिला परवडणारं होतं, पण तसं नाथाजीला सांगून उपयोग नव्हता.

कार्तिकात चांदसाहेब पुन्हा आला. यावेळी कोरडं काम, तोंडाला फडकी, वाडीभर तांबडा धुरळा, आणि कुणाची काही तक्रार नाही. अंकिताने नव्यांतले आठ ओढले, चंद्राबाईला न विचारता स्वतःच निवडून. आठही बाराला धरून राहिले.

मार्गशीर्षात लोक घरी गेले. राजनंदिनी आली, दहा महिन्यांची नात आली. ती आली ती रांगतच. आजीने तिचं पालथं पडणं, बसणं सगळं फोनवरच बघितलं होतं. सोबत आलेल्या विहिणीने घर बघितलं, डोंगर बघितला, जाळीवरचा सिमेंटचा थर हाताने चाचपला आणि म्हणाली, "एवढंच व्हय?"

पुढच्या रविवारी देवळासमोर कार्यक्रम झाला. 'मृत्युंजय कामगिरीबद्दल' असे शब्द फलकावर होते. सुपरवायझरला शाल मिळाली. नाथाजीने भाषण केलं: चार वर्षांचा लढा, शासनाचा पाठपुरावा, वाडीची एकजूट. चांदसाहेबाला नारळ देताना त्याने "आपले बोअरवाले" म्हटलं. अंकिताला बोलावणं गेलं नव्हतं. ठराव वाचून दाखवला, त्यात खिळे एकशेचाळीसच होते. मधल्या ओळीचा उल्लेख नव्हता. सगळ्यांनी हात वर केले. चंद्राबाईनेही केला.

टाळ्या चालू असतानाच ती उठली.

"वैनी, फोटो हाय आता," नाथाजीने माइकवरूनच हाक मारली. आज त्याचा राग गेलेला होता. सत्काराच्या दिवशी त्याला कुणाशी वैर परवडत नसे. "थांबा की, तुमी बी हाय ह्यात."

"मी कशाला रं भावजी?" ती चालता चालता म्हणाली. "पोरगी झोपलीया घरात. उठंल आता."